भोकं जुळली, चाक जुळलं का?

अलॉय व्हीलच्या दुकानात भिंतीवर टांगलेली चाकं बघत गिऱ्हाईक ठरलेला प्रश्न विचारतं, ‘आपल्या गाडीला बसेल ना?’ दुकानदार गाडीचं नाव ऐकतो, ‘चार बाय शंभर, आरामात बसेल’ म्हणतो आणि पोऱ्या जॅक लावायला घेतो. दुकानदार खोटं बोलत नसतो. स्विफ्ट घ्या किंवा आय ट्वेंटी, चारही स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटरच आहे. यालाच पीसीडी म्हणतात. पण पीसीडी जुळला म्हणजे चाक गाडीवर चढतं, एवढंच. ते गाडीला मानवतं की नाही, हे ठरवणारे आकडे वेगळे आहेत आणि त्यांची चौकशी फारसं कुणी करत नाही.

खुद्द पीसीडीसुद्धा कसा चकवतो बघा. रांजणगावच्या कारखान्यात बनलेल्या फियाट पुंटोचा पीसीडी ९८ मिलिमीटर. तिच्यावर १०० चं चाक लावलं तर प्रत्येक भोक आपल्या जागेपासून फक्त एक मिलिमीटर सरकलेलं असतं. भोकाला थोडी ढील असतेच, त्यामुळे बोल्ट आत जातो आणि पाना मारल्यावर घट्टही वाटतो. प्रत्यक्षात तो किंचित तिरका बसलेला असतो. त्याचं निमुळतं डोकं चाकाच्या खोबणीत सगळीकडून टेकत नाही, एका बाजूनंच दाबतं. चाक हबवर धरून ठेवतो तो या दाबातून येणारा घर्षणाचा जोर. दाब असमान असेल तर बोल्ट हळूहळू सैल होतो.

दुसरा आकडा चाकाच्या मधल्या भोकाचा. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, तर बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१ चं असतं, कारण एकच चाक अनेक गाड्यांना विकायचं असतं. मधली फट भरायला हब रिंग मिळते. ती स्वस्त असते आणि नेमकी तीच बसवायची राहून जाते. मग चाक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकून आवळलं गेलं तर? टायरसकट १८ किलोचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं. गणित केलं तर प्रत्येक फेऱ्यात हबला सुमारे सात किलो वजनाइतका हिसका बसतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून गावात ५० च्या वेगात तो पाव होतो आणि काहीच कळत नाही. एक्स्प्रेसवेवर मात्र स्टिअरिंग थरथरायला लागतं. माणूस बॅलन्सिंग करून घेतो. तिथलं मशीन चाक मधल्या भोकातच पकडतं, सबब मशीनवर शून्य येतं आणि गाडीवर थरथर तशीच राहते. दोष चाकात नसतोच, तो बसवण्यात असतो.

आता सगळ्यांत दुर्लक्षित आकडा: ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. चाक हबला जिथं टेकतं ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, असा त्याचा अर्थ. समजा, मूळ रिम सहा इंच रुंद आणि ईटी ४५ ची आहे. आवडलेली सात इंची, ईटी ३८ ची. रुंदी दोन्हीकडे १२.७ मिलिमीटरनं वाढली, शिवाय अख्खं चाक सात मिलिमीटर बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड जवळपास २० मिलिमीटर पुढं आली. मडगार्डबाहेर डोकावणारं चाक रुबाबदार दिसतं खरं, पण भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं यांत जो फरक, तोच इथं व्हील बेअरिंगला सोसावा लागतो. जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेऊ शकतं, तेही यामुळंच. उलट ईटी फार वाढला तर टायर आत सस्पेन्शनला घासतो. रिकामी गाडी दुकानासमोर उभी असताना हे दिसणार नाही. मागं तिघांना बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवा, गतिरोधकावरून हळू न्या आणि मग मडगार्डच्या आत टॉर्च मारा. घासल्याची चकचकीत रेघ तिथं लगेच सापडते.

टायरचं गणित त्या मानानं सोपं. स्विफ्टच्या मागच्या पिढीत खालच्या मॉडेलना १६५/८० आर १४ टायर होते, वरच्यांना १८५/६५ आर १५. पहिल्याची उंची ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१.५. रिम इंचभर मोठी झाली आणि टायरची भिंत तेवढी आखूड, त्यामुळे उंची जवळपास तीच राहिली. याच चाकाजागी २१५/६० आर १६ घातला तर उंची ६६४ वर जाते, म्हणजे सात टक्क्यांनी वाढते. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजून वेग सांगतो, त्याला हा बदल कसा कळावा? तो आधी जो वेग दाखवायचा, त्याच काट्यावर गाडी आता सात टक्के जास्त पळते. मायलेजचा आकडाही फसवा होतो. आकारापुढचा ‘८८ एच’ही वाचा: एक टायर ५६० किलो पेलतो आणि ताशी २१० पर्यंत टिकतो. मूळ टायरपेक्षा कमी भाराचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

अलॉय म्हणजे हलकं, हाही सरसकट समज नको. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा असली, तरी ओतीव चाकाला जाडी द्यावी लागते आणि मोठ्या आकाराचं अलॉय मूळ लोखंडी डिस्कपेक्षा जड भरू शकतं. वजनकाटा मागून घ्या, दुकानात लाजायचं कारण नाही. पावसाळ्यातल्या खड्ड्यात लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो. टायरची भिंत जितकी आखूड, तितका हा धोका मोठा. म्हणूनच अलॉयच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चाक १३ अंशांनी कलतं ठेवून त्याच्या कडेवर वजन आपटवतात. अशा चाचण्यांतून न गेलेलं चाक दिसायला अगदी सारखं असतं.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ निर्मात्याच्या तपशिलांशी विसंगत फेरबदल चालत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. माझं मत विचाराल तर आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनं दिलेला आकार घ्यावा आणि तिथंच थांबावं. दरवाजाच्या खांबावरच्या हवेच्या दाबाच्या स्टिकरवर बहुधा तो छापलेला असतो.

आणि नट. मारुतीच्या नटाचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे, ह्युंदाईचे १.५ चे. एकाचा नट दुसऱ्यावर सुरुवातीला फिरतो, पुढं अडतो आणि पान्याच्या जोरावर आटेच खाऊन टाकतो. नव्या अलॉयबरोबर वेगळ्या बुडाचे नट आले असतील तर जुने दुकानात सोडून येऊ नका. डिकीतली स्टेपनी अजून मूळ लोखंडी डिस्कचीच आहे. रात्री घाटात पंक्चर झालं तर तिला जुनेच नट लागतील.