डंप हिरवा झाला, पण माती थांबली का?

गोव्यात एक टन लोहखनिज हाती यायचे तर अडीच-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागत. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत त्या टाकाऊ मातीचे डंप डोंगरांसारखे उभे आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यांच्या उतारांवर कोसळतो. सुटलेली माती आधी व्हाळात उतरते, मग भातशेतीत आणि शेवटी मांडवी-जुवारीत. २०१२ साली खाणी बंद पडल्या. डंप मात्र जागच्या जागीच राहिले.

त्यांतले बरेच डंप लांबून हिरवेगार दिसतात. ती हिरवाई प्रामुख्याने ऑस्ट्रेलियन अकेशियाची. हे झाड निकस जमिनीतही झपाट्याने वाढते, हवेतला नत्र मुळांशी बांधते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे कागदावरचा ‘जगलेली रोपे’ हा रकाना पटकन भरतो. जवळ जाऊन खाली वाकले की वेगळे चित्र दिसते. जाड, चिवट पाचोळ्याचा थर लवकर कुजत नाही, त्याखालून दुसरे रोप फारसे वर येत नाही आणि जोराच्या सरीने पाचोळा वाहून गेला की उघडी लाल माती पुढे येते. उंच झाडाच्या पानांवर जमून गळणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो. सात-आठ मीटरवरून पडताना तो जवळपास पूर्ण वेग गाठतो. खाली गवत नसेल तर झाड असूनही माती उखडतेच. माती धरतात ती जमिनीलगतची गवते, झुडपे आणि त्यांची बारीक मुळे. म्हणूनच किती रोपे लावली, हा प्रश्न पुरेसा नाही.

मग मोजायचे काय? सगळ्यात साधी पद्धत लोखंडी सळ्यांची. पावसाळ्यापूर्वी उतारावर ठरावीक अंतराने सळ्या ठोकायच्या, वर किती उरली ते लिहून ठेवायचे आणि पाऊस सरल्यावर पुन्हा मोजायचे. जास्त उघडी पडली तिथून माती गेली, बुडाली तिथे साचली. ढीग नवा असेल तर तो स्वतःही खचतो, एवढे भान आकडे वाचताना ठेवावे लागते. एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर थर गेला तरी दहा घनमीटर माती जाते, म्हणजे साधारण तेरा टन. डोळ्याला हा फरक कळतसुद्धा नाही!

अंदाजासाठी जगभर वापरले जाणारे सूत्र विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांचे. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी व चढ, झाडोऱ्याचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार केला की वर्षाची धूप मिळते. पण ते बेतले गेले शेतजमिनींवर, मुख्यतः ३ ते १८ टक्के उतारांच्या मोजमापांतून. आपल्याकडे खाणीच्या ढिगाऱ्याला ३७.५ अंशांपर्यंत उतार चालतो, म्हणजे सुमारे ७७ टक्के! अशा ठिकाणी सूत्राचा आकडा सळ्यांशी आणि पायथ्याच्या गाळ-टाक्यांशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

अमेरिकेने हे मोजमाप थेट पैशाला जोडले. ३ ऑगस्ट १९७७ रोजी कोळसा खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्याचा कायदा तिथे लागू झाला. कंपनीने आधी अनामत भरायची. शेवटची मोठी लागवड-मशागत झाल्यापासून पाच वर्षे, कमी पावसाच्या भागात दहा वर्षे, झाडोऱ्याची जबाबदारी तिचीच. आच्छादन ठरलेल्या मापाच्या निदान ९० टक्के भरले पाहिजे. पण या कडक कायद्यातूनही एक घोळ झाला. उतार घसरू नये, माती वाहू नये म्हणून बुलडोझरने जमीन दाबून-दाबून घट्ट केली गेली आणि वर जोमदार गवत पेरले गेले. धूप रोखली गेली, मात्र अॅपलॅचियन डोंगरांतले मूळचे जंगल त्या घट्ट मातीत रुजेना. २००४ नंतर तिथे वनीकरणाची नवी पद्धत पुढे आली: वरचा सव्वा मीटरभर थर सैल ठेवायचा, गवत विरळ पेरायचे. धूप आणि झाडोरा वेगवेगळे मोजले की अशी फसगत होते.

विदर्भातला अनुभव अधिक आशादायक आहे. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दहा हेक्टरांवर प्रयोग केला. हेक्टरी पन्नास टन सांडपाणी-शुद्धीकरणाचा गाळ मिसळला, रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी दिली आणि मग रोपे लावली. ढिगाऱ्याच्या त्या मातीत हे सूक्ष्मजीव आधी जवळजवळ नव्हतेच. नंतर त्यांची संख्या भरभरून वाढली. शिसे, क्रोमियम, जस्त यांसारख्या जड धातूंचा उपद्रवही लक्षणीयरीत्या घटला. इथे मोजमाप मातीच्या आतपर्यंत पोचले, हे या कामाचे खरे मोल.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या खाणपट्ट्यांसाठी निर्देश दिले: खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत वाढवा, जमीन चारा आणि जीवसृष्टीला योग्य करा. निर्देशात गवताला मान मिळाला, ही योग्य दिशा आहे. अंमलबजावणीवर नजर ठेवणे मात्र गावकऱ्यांनाही शक्य आहे. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रत्येक खाणीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. खाणपट्ट्यातल्या वाचकांनी तो मागवावा. रोपांचा आकडा वाचून थांबू नये. पावसाळ्यात किती माती वाहिली, जमिनीलगत किती आच्छादन आहे आणि न लावलेली किती झाडे आपोआप उगवली, हे लेखी विचारावे.