एका पौंडाचा संप
(सन १८७७ च्या दुष्काळातील एक विस्मृत प्रकरण)

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात आपल्या जिल्ह्यावर जो पाऊस कोसळला त्याची आठवण वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. परंडा व भूम या तालुक्यांत तर पिकांबरोबर शेतातील मातीही वाहून गेली. त्या वेळी गावोगावच्या शेतकऱ्यांनी 'ओला दुष्काळ जाहीर करा' अशी मागणी केली. त्यावर सरकारातून असे उत्तर आले की, नियमपुस्तकात 'ओला दुष्काळ' हा शब्दच नाही. तथापि दुष्काळात मिळणाऱ्या सवलती मात्र देण्यात येतील. पुढे ७ ऑक्टोबर रोजी ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा झाली. तीतील किती रक्कम कोणाच्या पदरी पडली हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. आमचे लक्ष वेधले ते त्या शब्दाच्या वादाने. महसूल खात्यात ज्याने तीस वर्षांवर कागद फिरविले त्यास हा प्रकार नवा नाही. आज पुस्तकात नसलेला शब्द काही वर्षांनी पुस्तकात सापडतो, आणि तो तेथे कसा शिरला याचा शोध घेऊ लागले म्हणजे बहुधा कचेरीबाहेर उन्हात बसलेल्या माणसांपर्यंत जाऊन पोहोचावे लागते. असेच एक जुने प्रकरण येथे सांगावयाचे आहे.

सन १८७६ साली दख्खनेत पावसाने पाठ फिरविली. मुंबई इलाख्यातील सोलापूर व कलादगी (म्हणजे हल्लीचे विजापूर व बागलकोट) या जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली; पुणे, सातारा, नगर या जिल्ह्यांचीही स्थिती बिकट झाली. आमचे मुरूम त्या काळी निजामाच्या मुलखात होते, परंतु पाऊस काही सरहद्द पाहून पडत नाही व पाहून थांबतही नाही. सोलापुराकडील रयत गुरे हाकीत निजामाच्या मुलखाकडे व वऱ्हाडाकडे निघाली. इंग्रज सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे उघडली. मोहोळाजवळचा आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातला, आणि दौंडाहून मनमाडास जाणारा लोहमार्गही बव्हंशी दुष्काळी मजुरांच्याच हातचा. आज त्या मार्गावरून जाणाऱ्या किती प्रवाशांस हे ठाऊक असेल कोण जाणे.

प्रारंभी या कामांवर मजुरी बरी होती. पुढे जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी खास प्रतिनिधी म्हणून पाठविले. या टेंपलसाहेबांची पूर्वपीठिका ध्यानी घेण्यासारखी आहे. सन १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता, व त्यामुळे भूकबळी फार थोडे पडले. त्याबद्दल शाबासकी मिळावयाची ती राहिली बाजूला, उधळेपणाचा ठपका मात्र त्यांच्या माथी बसला. एकदा दूध पोळल्यावर ते ताकही फुंकून पिऊ लागले, आणि ते ताक दख्खनच्या रयतेच्या वाट्याचे होते. धडधाकट पुरुषास दिवसभराच्या श्रमाबद्दल एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्यांनी ठरविले. एक पौंड म्हणजे हल्लीच्या मापाने साडेचारशे ग्रॅमांच्या आसपास. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याच्या भाकरी त्यात किती होतात याचा हिशेब वाचकांच्या घरच्या मंडळींनी करावा. त्यांच्याइतका तो हिशेब कोणत्याही साहेबास कळणार नाही. शिवाय घराजवळची लहान कामे बंद करून मजुरांनी दूरच्या मोठ्या कामांवर जावे असाही हुकूम निघाला. ज्यास खरी गरज असेल तो कोठेही जाईल, असा त्यामागील तर्क होता.

यावर रयतेने काय केले? मुकादमावर कोणी धोंडा उचलला नाही, की कोठाराचे कुलूप फोडले नाही. माणसे कामावरून उठली व स्वस्थ बसून राहिली, इतकेच झाले. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मुंबई इलाख्यात सुमारे एक लाख माणसांनी अशा रीतीने सरकारी काम सोडले. गिरणीतील मजूर संप करतो तेव्हा त्याच्या गाठी चार दिवसांचा शिधा तरी असतो. येथे ज्यांच्या घरी दाणा नव्हता त्यांनीच मिळत असलेला दाणा नाकारला. सरकारी बाजूने याचा अर्थ असा लावण्यात आला की, हे लोक काम सोडून जाऊ शकतात, त्याअर्थी त्यांस मदतीची गरजच नव्हती! कागदावर असा युक्तिवाद किती निर्दोष दिसतो हे आम्ही जाणतो, कारण त्या धर्तीचे शेरे आम्ही स्वतः लिहिलेले आहेत.

ही मुकी माणसे बसून राहिली खरी, परंतु त्यांचे बोल कागदावर उतरविणारे कोणी नसते तर एक लाखांचा तो संप चार टिपणांत विरून गेला असता. हे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. ही सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे तिचे चिटणीस, आणि न्यायमूर्ती रानडे हे तिचे मार्गदर्शक. सभेने दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पीक किती बुडाले, गुरे कोणत्या भावाने विकली जात आहेत, कोठे कामे उघडली व कोठे उघडली नाहीत, हे सारे एकत्र करून तिने एकामागून एक वृत्तान्त सरकारास सादर केले. एक पौंडाच्या मजुरीविरुद्धही तिने अर्ज केला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस राणी व्हिक्टोरियास बादशाहीण म्हणून जाहीर करण्याचा थाटाचा दरबार भरला, त्यासही सार्वजनिक काका गेले, ते हाताने कातलेल्या सुताचे साधे कपडे अंगावर घालून. त्या रेशमी गर्दीत ते कसे दिसले असतील!

मुंबई सरकार त्या वेळी बधले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु प्रश्न एकदा उघड्यावर आल्यामुळे तो झाकता येईना. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एक पौंडावर माणूस जगून काम करू शकत नाही असे सप्रमाण मांडले. तुरुंगातील कैद्यांचा शिधाही याहून अधिक असतो हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मद्रासेत मजुरी वाढवावी लागली. पुढे सन १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्यात ब्रिटिश मुलखातील मृत्यू पन्नास लाखांवर धरलेले आहेत. काम करणाऱ्या पुरुषास दीड पौंडाच्या आसपास धान्य लागते, ही गोष्ट त्या अहवालात मान्य झाली, व त्याच्या आधारे सन १८८३ मध्ये दुष्काळी कामांचे नियम म्हणजे 'फॅमिन कोड' तयार झाले. पौंडाचा दीड पौंड झाला तो असा. मधल्या काळात जे मेले त्यांस या अर्ध्या पौंडाचा उपयोग झाला नाही.

दुष्काळ ओसरत होता त्याच सुमारास, मार्च १८७८ मध्ये, लिटनसाहेबांनी देशी भाषांतील वर्तमानपत्रांविरुद्ध कायदा केला. त्यान्वये छापखान्याच्या मालकाकडून जामीनकतबा घेता येई व छापखाना जप्तही करता येई. इंग्रजी पत्रांस मात्र तो लागू नव्हता. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत सन १८८२ मध्ये तो रद्द झाला. दुष्काळाचा आणि या कायद्याचा संबंध केवळ तारखांचा आहे असे ज्यास वाटेल त्याने वाटून घ्यावे.

यानंतर वीस वर्षांनी, सन १८९६-९७ मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी फॅमिन कोड छापलेले होते, पण ते होते सरकारी कपाटात. सभेची सूत्रे तेव्हा लोकमान्य टिळकांकडे होती. त्यांनी 'केसरी'तून व सभेच्या प्रचारकांमार्फत एवढेच सांगण्यास सुरुवात केली की, तुमच्याच सरकारने हे नियम केले आहेत. पीक बुडाले असता सारा तहकूब मागण्याचा तुम्हास हक्क आहे. बायकापोरांच्या अंगावरचे विकून सारा भरू नका. यात राजद्रोह कोठे आहे ते शोधूनही सापडत नाही. तरी प्रचारकांवर खटले भरले गेले, आणि सन १८९७ च्या मार्चमध्ये सरकारने सार्वजनिक सभेशी यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर पत्रव्यवहार करणार नाही असे जाहीर केले. सरकारचाच नियम रयतेस वाचून दाखविणे हा गुन्हा ठरला.

आमच्या बाजूस तर एवढेही नव्हते. निजामाच्या राजवटीत पुढे पुढे सभा भरविण्यास आगाऊ परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे त्या हुकमाचे नाव मराठवाड्यातील जुन्या मंडळींच्या तोंडी होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे जोखड उतरले. म्हणून आज कोणी चार शेतकरी झाडाखाली बसून तहसिलीकडे अर्ज लिहीत असतील तर त्यांच्याकडे पाहून आम्हास हसू येत नाही.

सन १९७२ चा दुष्काळ पुष्कळ वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. खडी, नालाबांध, पाझर तलाव, सुकडी आणि तो तांबडा मिलो! मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाऊस १८७६ सारखाच रुसला होता, पण तसा मृत्यूचा हाहाकार झाला नाही. ज्यां द्रेझ व अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांनी या दुष्काळाचा अभ्यास करून जी कारणे दाखविली, त्यांत मोर्चे, घेराव, वर्तमानपत्रे व विधानसभेतील प्रश्न यांचा दबाव हेही एक आहे. उलट चीनमध्ये सन १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे उपासमारीने गेली, आणि तेथे गावची खरी बातमी वर कळविणारे पत्र नव्हते, की विचारणारा विरोधी पक्ष नव्हता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच वर्षांत मुळे धरून बसली; तिचा कायदा सन १९७७ चा, व तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. १८७७ चा संप आणि १९७७ चा कायदा, शंभर वर्षे पुरी झाली.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगावी की न सांगावी याचा पुष्कळ विचार केला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे घरांखाली गाडली गेली. मी त्या वेळी एका कचेरीत शिपायाचा नुकताच कारकून झालो होतो. शिक्षण मराठी सातवीचे, अक्षर मात्र चांगले, म्हणून पडलेल्या घरांच्या याद्या नकलून काढण्याचे काम माझ्याकडे आले. रात्र रात्र बसून याद्या लिहिल्या. त्या भिंतीवर लागल्यावर चार दिवसांनी एक म्हातारी फाटकाशी येऊन बसली. ओरडली नाही, कोणास शिव्या दिल्या नाहीत. सकाळी येई, भाकरी फडक्यात बांधून आणी, सायंकाळी उठून जाई. आमच्यापैकी एकाने विचारले, "आजी, कशापायी बसलात?" ती म्हणाली, "लेकरा, म्या मेले न्हाई, मग माझं नाव कसं मेलं?"

दुसऱ्या दिवशी तिला उठवून लावावे असा विचार निघाला. पाहुणे यावयाचे होते, फाटकाशी तमाशा नको. आमच्याकडील एक वृद्ध अव्वल कारकून तेवढे म्हणाले, "बसू द्या तिला. ती कोठे आडवी येते?" तिसऱ्या दिवशी मला राहवेना, मी मूळ पंचनाम्याचे बाड काढले. त्या गावात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या. नाव दोनदा आले आहे अशा समजुतीने नक्कल करताना मीच एक ओळ खोडली होती. पुरवणी यादी निघाली, तीत तिचे नाव आले. ती आली, अंगठा उमटविला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. चूक कोणाची ते मी तिला सांगितले नाही. ती दोन दिवसांतच उठून गेली असती तर ती चूक मलाही कधी कळली नसती. अशा किती ओळी माझ्या हातून खोडल्या गेल्या असतील, ज्यांच्यासाठी कोणी येऊन बसले नाही, हे आज सांगता येत नाही.

आता कामाचे दोन शब्द. हल्ली नुकसानीची मदत थेट बँकेच्या खात्यात येते, पुष्कळदा यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर आधार पटवावा लागतो, व त्यामुळे नाव गळाले तर फाटकाशी बसूनही समोर कोणी कारकून सापडत नाही. यासाठी यादी लागली म्हणजे ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावी; ज्यास वाचता येत नाही त्याच्या शेजाऱ्याने त्याचे नाव पाहावे. नाव नसल्यास तोंडी सांगून परतू नये. गट क्रमांक, पीक, क्षेत्र व पंचनाम्याची तारीख घालून अर्ज दोन प्रतींत लिहावा, एक प्रत कचेरीत द्यावी, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याखेरीज पायरी उतरू नये. अर्ज लिहून घेण्यास कोणी नसेल त्यांनी मुरुमास बाजारच्या दिवशी माझ्याकडे यावे. कागद माझ्याकडे आहेत.