बहुरूपी यंत्रमानव

जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें, पितळेचे दिवे किंवा समुद्रकांठचे शिंपले यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थाकडे आपल्याकडील सुशिक्षित समाज कौतुकानें पाहतो. आलेल्या पाहुण्यांना तो संग्रह दाखविण्यांत घरच्या मंडळींनाहि भूषण वाटतें. पण त्याच घरांतील एखादा चाळिशीचा, चांगल्या हुद्द्यावरचा पुतण्या कांचेच्या कपाटांत यंत्रमानवांचीं खेळणीं मांडून ठेवूं लागला, म्हणजे मात्र वडीलधारीं माणसें एकमेकांकडे पाहून गालांतल्या गालांत हंसतात. “याचें पोरपण अजून गेलें नाहीं,” असा शेरा पडतो, आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईंत तें कपाट सर्वांच्या डोळ्यांत सलूं लागतें. अशा पुतण्याची बाजू घेऊन चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

हीं खेळणीं म्हणजे तरी काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. इंग्रजींत त्यांना ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणतात. आपण त्यांना बहुरूपी म्हणूं. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असा जो ऑप्टिमस प्राइम, तो दिसण्यांत एक तांबडी मालमोटार आहे. तिच्यामागचा डबा सोडवून बाजूला ठेवावा, पुढचा तुकडा उभा करावा, मागील भाग ओढून लांब केला म्हणजे त्याचे पाय होतात, बाजूंतून हात निघतात, आणि ज्या कांचांतून चालकानें रस्ता पाहावयाचा त्याच कांचा या वीराची छाती बनतात. दोन मुठी तेवढ्या निराळ्या असतात, त्या शेवटीं मनगटांत बसवावयाच्या. मागचा डबाहि उघडतो आणि त्याचें एक लहानसें ठाणें होतें. मोटार पाहतांना मनुष्याकृति दिसूं नये आणि मनुष्याकृति पाहतांना मोटार विसरूं नये, हें साधणें वाटतें तितकें सोपें नाहीं. ज्यानें एकदां तरी लांकडाची घडीची खुर्ची स्वतः तयार करण्याचा यत्न केला आहे, त्याला यांतील बिजागऱ्यांचा हिशेब किती बारीक असेल याची कल्पना येईल.

या खेळण्यांची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं ‘जी. आय. जो’ नांवाचा एक फूट उंचीचा शिपाई विक्रीस काढला. त्याला कपडे चढवावयाचे आणि हत्यारें द्यावयाचीं, म्हणजे खरें पाहतां ती बाहुलीच. परंतु मुलाच्या हातीं बाहुली म्हटल्यावर बाप ती विकत घेणार नाहीं, हें ओळखून कंपनीनें बाहुली हा शब्दच वर्ज्य केला आणि त्यासाठीं एक नवें, मर्दानी नांव काढलें. (खेळण्याची लाज वाटण्याचा रोग केवळ आपल्याकडचाच नव्हे, हें यावरून दिसेल.) जपानांतील टाकारा कंपनीनें या शिपायाचा परवाना घेतला, आणि १९७२ सालीं त्याच्याच अंगकाठीवरून पारदर्शक देहाचा, आंतील यंत्रें दाखविणारा एक पुतळा तयार केला. जपानी भाषेंत रूप पालटण्याला ‘हेनशिन’ म्हणतात. तोच शब्द या पुतळ्याच्या नांवांत होता. १९७४ सालीं त्याची लहान आवृत्ति ‘मायक्रोमॅन’ या नांवानें निघाली, १९८० सालीं ‘डायक्लोन’ ही माला आली, आणि १९८३ मध्यें मायक्रोमॅनच्याच कुळांत घड्याळ, पिस्तूल, ध्वनिफितीची पेटी असल्या वस्तूंपासून होणारे यंत्रमानव जन्मास आले. हॅस्ब्रोच्या माणसांनीं तीं जपानी खेळणीं पाहिलीं आणि दोन्ही माला एकत्र करून १९८४ सालीं अमेरिकेंत विकावयास आणल्या. म्हणजे अमेरिकेहून निघालेला शिपाई वीस वर्षांनीं मोटारीचें रूप घेऊन माहेरीं परतला! त्या शिपायाच्या पुढच्या, लहान आकाराच्या पिढ्या गोव्यांत कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीनें भारतांतहि काढल्या होत्या. त्यांचे रंग मूळच्यापेक्षां कांहीं ठिकाणीं इतके विचित्र आहेत कीं, त्याच कारणासाठीं परदेशचे संग्राहक आज ते शोधीत असतात.

डायक्लोनच्या मोटारींत एक बारीकशी गंमत होती. पायांत लोहचुंबक असलेला, जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा एक चालक त्यांच्याबरोबर मिळे. तो आंत बसून यंत्र चालवी. अमेरिकेंत आल्यावर हा चालक काढून टाकण्यांत आला. यंत्रमानव स्वतःच सजीव आहेत, सायबर्ट्रॉन नांवाच्या दूरच्या ग्रहावरून ते पृथ्वीवर आले आहेत, असें ठरलें. परंतु सांचे जुनेच राहिल्यामुळें चालकाची बसण्याची जागा कित्येक खेळण्यांत तशीच राहून गेली. ज्याला हा इतिहास ठाऊक नाहीं त्याला त्या रिकाम्या खुर्चीचा अर्थ लागत नाहीं. ज्याला ठाऊक आहे तो ती पाहुण्यांना प्रथम दाखवितो.

आतां नुसत्या दुमडणाऱ्या मोटारींना ‘कोण’ आणि ‘कशासाठीं’ हें लागतेंच. तें पुरविण्याचें काम मार्व्हल या चित्रकथा छापणाऱ्या संस्थेकडे गेलें. जिम शूटर यांनीं मूळ कथानक रचलें, डेनिस ओनील यांनीं ऑप्टिमस प्राइम हें नांव दिलें, आणि उरलेल्या बहुतेक पात्रांची नांवें व स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनीं लिहून काढले. सज्जनांचा पक्ष ऑटोबॉट व दुर्जनांचा डिसेप्टिकॉन. खलनायकाचें ‘मेगाट्रॉन’ हें नांव फार भीतिदायक वाटतें, अशी हरकत कंपनीनें घेतली तेव्हां बुडियान्स्कींनीं, मुख्य दुष्टाचें नांव भीतिदायक असावयाचें नाहीं तर कोणाचें, असा उलट सवाल केला आणि नांव कायम झालें. प्रत्येक खोक्याच्या पाठीमागें त्या त्या पात्राची चार ओळींची माहिती असे. त्याचें बळ, बुद्धि, धैर्य यांचा एक आलेखहि असे, पण तो तांबड्या पारदर्शक पट्टीखालीं धरल्यावांचून वाचतां येत नसे. कोणी भित्रा, कोणी बढाईखोर, कोणी युद्धाला विटलेला. मुलाच्या हातांत येईपर्यंत तो धातूचा तुकडा माणूस झालेला असे.

या सर्वांमागें विक्रीचा हेतु होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. अमेरिकेंत त्याच सुमारास मुलांच्या दूरचित्रवाणीवरील निर्बंध सैल झाले होते, आणि १९८४ च्या सप्टेंबरांत सुरू झालेली ट्रान्सफॉर्मर्सची चित्रमालिका ही अर्ध्या तासाची जाहिरातच आहे, अशी टीका तेव्हांहि झाली. ती टीका खोटी नव्हती. पण पुढें जें घडलें तें त्या टीकाकारांच्या आणि दुकानदारांच्याहि हिशेबांत बसणारें नव्हतें.

१९८६ च्या ऑगस्टमध्यें या खेळण्यांवर एक संपूर्ण चित्रपट निघाला. दुकानांत नवा माल यावयाचा होता. जुन्याला वाट करून देणें भाग होतें. म्हणून कंपनीच्या इच्छेप्रमाणें जुनीं पात्रें एकामागून एक मारण्यांत आलीं, आणि अर्ध्याहून कमी चित्रपट झाला नाहीं तोंच खुद्द ऑप्टिमस प्राइम आपल्या सहकाऱ्यांच्या देखत प्राण सोडतो. कंपनीच्या दृष्टीनें तो दोन वर्षांपूर्वींचा माल होता. समोर बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या दृष्टीनें घरांतलें कर्तें माणूस गेलें होतें. मुलें चित्रपटगृहांत रडलीं. पालकांचीं संतापाचीं पत्रें कंपनीकडे गेलीं. परिणाम असा झाला कीं, त्याच कंपनीच्या शिपायांवरील पुढच्या चित्रपटांत ज्या नायकाचा मृत्यु योजला होता तो मरत नाहीं, केवळ बेशुद्ध पडला आहे, असें दाखवावें लागलें. आणि १९८७ च्या प्रारंभीं मालिकेंतील ऑप्टिमस प्राइमलाहि पुन्हां जिवंत करावें लागलें.

या पात्राला आवाज देणारे पीटर कलन यांनीं सांगितलें आहे कीं, हा आवाज काढतांना त्यांच्यापुढें व्हिएटनामच्या युद्धांतून परतलेला त्यांचा वडील भाऊ होता. खऱ्या बळवंताला आरडाओरड करावी लागत नाहीं, असें त्या भावानेंच त्यांना बजाविलें होतें. त्यामुळें तो यंत्रमानव संथ, खोल, काहींशा थकलेल्या स्वरांत बोलतो. ज्या घरांत वडील दिवसभर कामावर असत त्या घरांतील मुलांना तो आवाज कोणाचा वाटला असेल, हें निराळें सांगावयास नको. विकणाऱ्यानें वस्तु विकली होती खरी. पण तिच्याबरोबर दिलेली गोष्ट परत घेण्याचा अधिकार आपल्याकडे उरलेला नाहीं, हें त्याला त्या वर्षीं कळलें.

अद्भुत विज्ञानकथेच्या वाचकांना हा अधिकार नवा नाहीं. ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं एप्रिल १९२६ मध्यें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें मासिक काढलें. त्यांत वाचकांचीं पत्रें पूर्ण पत्त्यासह छापीत. त्या पत्त्यांवरून वाचक परस्परांना लिहूं लागले, त्यांतून मंडळें निघालीं, आणि जुलै १९३९ मध्यें न्यूयॉर्क येथें या रसिकांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. बहुरूपी खेळण्यांच्या रसिकांनींहि १९९४ सालीं इंडियाना प्रांतांतील फोर्ट वेन येथें आपलें संमेलन भरविलें. दोनच वर्षांनीं कंपनीनें मोटारींऐवजीं पशूंपासून होणारे यंत्रमानव काढले आणि नायकाला मालमोटारीचा गोरिला केला, तेव्हां या मंडळींनीं केवढा गहजब केला! नव्या मालिकेच्या लेखकांना जुन्या कथेची फारशी ओळख नव्हती. त्यांनीं ती रसिकांकडूनच करून घेतली, आणि हे पशु मूळच्या वीरांच्या कुळांतलेच आहेत, ते प्राचीन काळच्या पृथ्वीवर येऊन पडले आहेत, असा धागा जुळविला. गोरिल्याला नांवें ठेवणारे पुढें त्याच मालिकेचे भक्त झाले.

आपल्याकडे विज्ञानकथेला मान आहे. भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून किती पिढ्यांनीं चंद्राची आणि पाताळाची सफर केली! १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलें बक्षीस मिळालें. तिचा लेखक नारायण विनायक जगताप म्हणजे प्रत्यक्षांत डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते. नांवाच्या वजनानें परीक्षकांचें मत झुकूं नये, म्हणून त्यांनीं आद्याक्षरें उलटीं करून टोपण नांव घेतलें आणि हस्ताक्षरहि पत्नीचें वापरलें. असल्या कथा जो आवडीनें वाचतो त्याला आपण जिज्ञासु म्हणतों. पण त्याच कथेंतील पात्र टेबलावर उभें करणाऱ्याला मात्र पोरकट ठरवितों. हा भेद आम्हांस पटत नाहीं. कवि दिनकर केळकर जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे आणि दौती गोळा करीत हिंडत, तेव्हां देणाऱ्यांपैकीं कितीकांना ती निव्वळ अडगळ वाटली असेल. आज पुण्यास त्याच अडगळीचें संग्रहालय पाहण्यासाठीं तिकीट काढावें लागतें.

या छंदाला दोष नाहींत असें नव्हे. कित्येकजण खोकें उघडीतच नाहींत. न उघडलेल्या मालाला किंमत अधिक येते म्हणून तो तसाच रचून ठेवतात. रूप पालटण्यासाठीं निर्माण झालेल्या वस्तूला जन्मभर एका रूपांत कोंडणें याला संग्रह म्हणण्यापेक्षां सावकारी म्हणणें बरें. शिवाय हा छंद स्वस्त नाहीं. टाकारानें २००३ सालीं याच ऑप्टिमसची मोठी, धातूचे भाग असलेली आवृत्ति काढली ती मुलांसाठीं नव्हेच. १९८४ चीं मुलें आतां पगार मिळवूं लागलीं होतीं. २०१९ मध्यें तर हॅस्ब्रोनें १९८६ च्या चित्रपटांतील ग्रहभक्षक युनिक्रॉन काढण्याची तयारी दाखविली, ती आठ हजार गिऱ्हाइकें प्रत्येकीं ५७५ डॉलर देऊन आधीं नोंदलीं गेलीं तरच. मुदत वाढवावी लागली. पण आंकडा पुरा झाला, आणि २०२१ सालीं सत्तावीस इंच उंचीचा तो राक्षस घरोघर पोंचला. चित्रपट निघाला त्या काळांत त्याचें खेळणें दुकानांत आलेंच नव्हतें. पस्तीस वर्षें मनांत राहिलेली वस्तु लोकांनीं मागून घेतली. इतक्या पैशांत काय काय झालें असतें याचा हिशेब घरची मंडळी मांडतीलच, आणि तो मांडण्याचा त्यांना हक्कहि आहे.

राहतां राहिली साफसफाई. पुतण्याच्या कपाटाला हात लावणें भागच असेल, तर कांहीं गोष्टी ध्यानांत असाव्या. केरांत सांपडलेला बोटाच्या पेराएवढा निळा तुकडा फेकूं नये. ती बहुधा ऑप्टिमसची मूठ असते, आणि मुठीवांचून तो निम्म्या किंमतीचा होतो. रिकामीं खोकीं रद्दीवाल्यास देऊं नयेत. पांढरीं खेळणीं उन्हांत वाळत ठेवूं नयेत, पिवळीं पडतात. आणि त्यांत एखादें सोनेरी, चकाकत्या प्लास्टिकचें असेल तर त्याचे सांधे मुळींच हलवूं नयेत. त्या काळच्या सोनेरी प्लास्टिकांत मिसळलेल्या चमकीमुळें तें वर्षानुवर्षांनीं आंतून ठिसूळ होत जातें; दिसण्यांत कोरें करकरीत, आणि हात वळवूं गेलें कीं चुरा. अशा खेळण्याचें रूप आतां कोणीच पालटीत नाहीं, पुतण्यासुद्धां नाहीं. ज्या रूपांत तें शेवटचें ठेवलें गेलें त्याच रूपांत तें राहतें.