मुका संगणक

कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी 1897 साली अंध मुलांसाठी शाळा स्थापन केली, तेव्हा दृष्टिहीनांचे वाचन बोटांच्या स्पर्शावर चालत असे. आज त्या स्पर्शाला ध्वनीची जोड मिळाली आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर ‘ऑर्का’ नावाचा कार्यक्रम पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतो आणि ‘ईस्पीक’ हे विनामूल्य साधन त्याला बंगाली व मराठी वाणी देते. परंतु साउंड कार्ड मुके झाले की अंध वाचकाच्या लेखी सारा संगणकच बंद पडतो. म्हणून हा बिघाड कसा शोधावा, हे ग्रंथालयातील सेवकानेही जाणून घेतले पाहिजे.

कार्ड हे यंत्र. प्रणालीची भाषा त्याला समजावून देणारा दुभाष्या म्हणजे ‘ड्रायव्हर’. लिनक्समधील अशा ध्वनि-दुभाष्यांच्या व्यवस्थेस ‘अल्सा’ म्हणतात. यारोस्लाव किसेला यांनी 1998 मध्ये आरंभलेली ही व्यवस्था, डिसेंबर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या 2.6 या आवृत्तीपासून सर्वत्र रूढ झाली.

शोध नेहमी यंत्रापासून कानापर्यंत, क्रमाने घ्यावा. प्रथम ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह द्यावी. कार्डाचे नाव दिसले, पण त्याखाली ड्रायव्हरचे नाव नसेल, तर दुभाष्याच गैरहजर आहे असे समजावे. यूएसबीने जोडलेले कार्ड ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने पाहावे. काही नव्या कार्डांना ड्रायव्हरखेरीज ‘फर्मवेअर’ची वेगळी फाइल लागते, ती नसल्यास ड्रायव्हर असूनही आवाज उमटत नाही. त्यानंतर ‘अल्सामिक्सर’ उघडावा. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ ही अक्षरे असल्यास तो मार्ग मुद्दाम बंद ठेवलेला असतो. ‘एम’ ही कळ दाबताच तो खुला होतो. शेवटी आवाज कोठे पाठवला जात आहे ते पाहावे. तो स्पीकरऐवजी पडद्याच्या तारेतून जात असण्याचा संभव असतो. ही वाटणी ‘पल्सऑडिओ’ किंवा ‘पाइपवायर’ करतो. तो पुन्हा सुरू केल्यानेही पुष्कळदा काम भागते.

हा क्रम सोडून एकदम सारी प्रणाली नव्याने बसवणे म्हणजे दिवा लागत नाही म्हणून घर पाडण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘बीआरएलटीटीवाय’ हा कार्यक्रम पडद्यावरील अक्षरे ब्रेल-पट्टीवर उमटवतो. त्याला ध्वनीची गरज नसते. अशी पट्टी जवळ असली, तर वरील आज्ञांची उत्तरे अंध व्यक्ती स्वतःच बोटांनी वाचू शकते आणि आपला संगणक आपणच बोलता करू शकते.