तळ्याकाठचे घर : पवईत फ्लॅट निवडताना

मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून १८९० मध्ये पवईच्या दरीत बांध घालून तलाव तयार करण्यात आला. त्या काळी या कामाला सुमारे साडेबारा लाख रुपये खर्च आला. तलाव पूर्ण भरला की त्याचे पाणी २.२३ चौरस किलोमीटरवर पसरते आणि साठा साधारण ५४५ कोटी लिटरपर्यंत जातो. मात्र हे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. आज ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला बिगरपिण्याच्या कामांसाठी दिले जाते. गेल्या चार दशकांत या तलावाच्या दक्षिण आणि पूर्व अंगाला मोठे उपनगर उभे राहिले. नोकरीसाठी मुंबईत येणारी किंवा शहराच्या दुसऱ्या भागातून सरकणारी अनेक कुटुंबे पवईचा विचार करतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘खिडकीतून तलाव दिसतो का?’ हाच असतो. प्रत्यक्षात हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. त्याआधी वस्ती, रोजचा प्रवास, पाणी, मालकीचा प्रकार आणि कागदपत्रे पाहावी लागतात.

वस्ती एक नाही, अनेक

पवई या एका नावाखाली वेगवेगळ्या काळात घडलेल्या वस्त्या येतात. तिरंदाज आणि पासपोली ही जुनी गावे. आयआयटी मुंबईची स्थापना १९५८ मध्ये झाली आणि तिच्या परिसराने तलावाच्या पूर्वेची हिरवाई बऱ्याच अंशी राखली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खाणींनी पोखरलेल्या टेकड्यांवर हिरानंदानी गार्डन्स उभे राहू लागले. त्याचे वास्तुरचनाकार हफीझ काँट्रॅक्टर. उंच खांब आणि कमानींचे दर्शनी भाग, रुंद पदपथ, चालत जाण्याच्या अंतरावर दुकाने, शाळा आणि रुग्णालय ही या भागाची ओळख. येथे दर चौरस फुटाचा भाव आसपासच्या वस्त्यांपेक्षा जास्त असतो, कारण घराबरोबर ही तयार व्यवस्थाही विकत घेतली जाते.

आयआयटीच्या मुख्य फाटकासमोरचा बाजार, म्हाडा वसाहत आणि जुन्या चार-पाच मजली इमारती यांचा भाग वेगळा. भाजी, किराणा, शिंपी, दुरुस्तीवाले सगळे हाताशी आणि भाडे तुलनेने कमी. मात्र लिफ्ट नसणे, गाडी उभी करायला जागा नसणे आणि इमारतीचे वय या बाबी तपासाव्या लागतात. चांदिवली हा तिसरा प्रकार. रहेजा विहार, नहार अमृत शक्ती अशी मोठी संकुले येथे आहेत. जाहिरातीत अनेकदा ‘पवई’ लिहिलेले असते, पण महापालिकेच्या दृष्टीने चांदिवली कुर्ल्याच्या एल विभागात येते आणि पवई भांडुपच्या एस विभागात. पाणी, कचरा, रस्ते यांच्या तक्रारी कोणत्या कार्यालयात न्यायच्या हे यावरून ठरते. साकी विहार रस्त्याच्या बाजूला औद्योगिक गाळे आणि निवासी इमारती शेजारी शेजारी आहेत. तेथे दिवसभर ट्रक-टेम्पोची वर्दळ असते.

रोजचा प्रवास

पवईला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. सर्वांत जवळची स्थानके कांजूरमार्ग आणि विक्रोळी, दोन्ही मध्य रेल्वेवर. या दोन्ही ठिकाणी धीम्या गाड्याच थांबतात; जलद गाडी पकडायची तर घाटकोपर गाठावे लागते. म्हणजे लोकलने जाणाऱ्याचा प्रवास रिक्षा किंवा बेस्टच्या बसपासून सुरू होतो. पावसाळ्यात संध्याकाळी रिक्षा मिळायला किती वेळ लागतो, याचा हिशेब प्रवासाच्या वेळेत धरायलाच हवा.

पवईचा कणा म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांना जोडणारा हा रस्ता तलावाच्या काठाने जातो आणि सकाळ-संध्याकाळ तुंबतो. त्याच मार्गावर लोखंडवालातील स्वामी समर्थ नगर ते विक्रोळी अशी मेट्रो ६ ही उन्नत मार्गिका बांधली जात आहे. ती सुरू झाली की पवईचे गणित बदलेल, पण घर घेताना आजचा रस्ता मोजावा. उद्याच्या मेट्रोसाठी आजच जादा भाव देणे म्हणजे दुसऱ्याच्या वेळापत्रकावर आपले कर्ज बांधणे होय.

सीप्झ, मरोळ, साकी नाका किंवा विक्रोळीत कामाला असणाऱ्यासाठी पवई सोयीची आहे. नरिमन पॉइंटला रोज जाणाऱ्यासाठी तितकी नाही. निर्णयाआधी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला, त्या इमारतीच्या दारापासून कार्यालयापर्यंत दोनदा जाऊन यावे. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून केलेली फेरी या बाबतीत काहीच सांगत नाही.

तलावाचा शेजार

तलाव जवळ असल्याचे सुख खरे आहे. सकाळी पाणकावळे, बगळे आणि कमळपक्षी दिसतात, पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या असतात आणि पावसाळ्यात सगळा परिसर हिरवा होतो. या पाण्यात मगरी आहेत, म्हणून काठावर पोहणे किंवा मुलांना पाण्याजवळ सोडणे धोक्याचे आहे.

दुसरी बाजूही पाहायला हवी. नाल्यांतून येणारे सांडपाणी तलावात मिसळते. त्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी वाढते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि उन्हाळ्यात पाणी आटले की काही ठिकाणी दुर्गंधी येते. संथ पाण्यामुळे डासांचा त्रास वाढतो. म्हणून तलावासमोरचा फ्लॅट दोनदा पाहावा : एकदा एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी खिडक्या उघडून, आणि शक्य असल्यास एकदा मुसळधार पावसात. गणेशोत्सवात येथील घाटावर मोठ्या प्रमाणात विसर्जन होते. त्या दिवसांत रस्ते बंद किंवा वळवलेले असतात. काठावरच्या इमारतींना त्याची तयारी ठेवावी लागते.

तलाव भरला की जादा पाणी मिठी नदीत जाते. विहार तलावाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. इमारत सखल भागात आहे का, त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशांना आणि जवळच्या दुकानदारांना विचारावे. उताराखालच्या इमारतीच्या मागे टेकडी कापलेली असेल, तर आधारभिंत आणि तिच्यातून पाणी निघण्याची सोय पाहावी.

आणि एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट हवी : खिडकीतून तलाव दिसतो म्हणून नळाला पाणी येत नाही. घरातले पाणी महापालिकेच्या दूरच्या जलाशयांतून येते. सोसायटीला दिवसातून किती तास पाणी मिळते, मे महिन्यात टँकर मागवावे लागतात का आणि त्याचा खर्च कोणाच्या बिलात जातो, हे विचारावे.

देखाव्याला हमी नसते. समोरच्या मोकळ्या भूखंडावर उद्या इमारत उठू शकते. विकास आराखड्यात तो भूखंड कशासाठी राखलेला आहे, हे पाहिल्याशिवाय ‘लेक व्ह्यू’साठी वेगळी रक्कम मोजू नये.

सोसायटी की काँडोमिनियम

महाराष्ट्रात फ्लॅटची मालकी मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिला आणि अधिक प्रचलित प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, म्हणजे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालील सोसायटीचा. यात जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते. सदस्याकडे भाग दाखला आणि फ्लॅट वापरण्याचा हक्क असतो. एका सदस्याला एक मत, फ्लॅट कितीही मोठा असो. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखे विभागले जाते, तर दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या प्रमाणात घेतात.

दुसरा प्रकार १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील, ज्याला काँडोमिनियम म्हणतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहून आलेल्यांना ओळखीचा वाटणारा ‘काँडो’ तो हाच. यात फ्लॅट मालकाच्या स्वतःच्या नावावर असतो आणि जमीन, जिने, लिफ्ट, गच्ची यांत त्याचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो. हा हिस्सा घोषणापत्रात नोंदलेला असतो आणि सामाईक खर्च त्याच प्रमाणात वाटला जातो. मोठ्या फ्लॅटचा मालक काँडोमिनियममध्ये छोट्या फ्लॅटवाल्यापेक्षा जास्त भरतो, सोसायटीत जवळजवळ त्याच्याइतकेच. म्हणून दोन घरांच्या मेंटेनन्सची तुलना करण्याआधी इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारावे.

सोसायटी असेल तर आणखी एक प्रश्न महत्त्वाचा : जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का? विकासकाने जमीन संस्थेच्या नावावर करून दिली नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी वाढीव चटई क्षेत्राचा लाभ कोणाचा, यावरून वाद होतात. विकासक टाळाटाळ करत असल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग संस्थेला २००८ च्या दुरुस्तीने मिळाला आहे.

कागदपत्रे

नव्या प्रकल्पासाठी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर आराखडे, पूर्ण होण्याची तारीख आणि न्यायालयीन वाद पाहता येतात. नोंदणीकृत करारापूर्वी विकासक किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निघाला, तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकाची असते.

जुन्या फ्लॅटसाठी पाहायची कागदपत्रे अशी : आधीच्या सर्व खरेदी करारांची साखळी, भाग दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्जाला अडचण येते आणि पाण्याचे बिलही जादा दराने येते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र मागावे. १९८० च्या दशकातल्या पवईच्या इमारती आता या टप्प्यात आल्या आहेत.

दोन फ्लॅट जोडून केलेले मोठे घर असेल, तर जोडणीला महापालिकेची मंजुरी आहे का ते पाहावे. पवईत हा मुद्दा खास महत्त्वाचा आहे. येथील जमिनीच्या विकासासाठी १९८६ मध्ये झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार मोठ्या क्षेत्रावर ४० आणि ८० चौरस मीटरची घरे अपेक्षित होती; अशी घरे जोडून मोठी केली तर तो हेतूच बाजूला पडतो. त्यांच्या उभारणीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने आधी छोटी घरे बांधण्याचे आदेश दिले.

क्षेत्रफळ आणि खरा खर्च

भाव नेहमी कार्पेट क्षेत्रावर काढावा. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. आतल्या भिंती मात्र धरतात. ‘सुपर बिल्टअप’ आकडा दोन इमारतींची तुलना करायला उपयोगी नाही. खुली पार्किंगची जागा विकासकाला फ्लॅटसारखी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. पार्किंग सोसायटी कोणत्या नियमाने देते ते सचिवांना विचारावे.

किमतीवर मुंबईत मेट्रो अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क लागते. घर स्त्रीच्या नावावर असल्यास १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये. दोन कोटींच्या फ्लॅटला मुद्रांक शुल्कच १२ लाखांवर जाते. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणतः ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर लागत नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कपातीचा दर बराच जास्त असतो. सोसायटीतील हस्तांतरण शुल्काची मर्यादा मुंबईत २५ हजार रुपये आहे. ‘देणगी’ म्हणून त्याहून जास्त मागणे नियमात बसत नाही.

आधी भाडे, मग खरेदी

शहर नवे असेल तर पहिले ११ महिने भाड्याने राहणे हा सर्वांत स्वस्त धडा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि त्याची जबाबदारी घरमालकाची असते. अनामत रक्कम कधी आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घरमालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क घेऊ शकते. ते भाडेकरूच्या माथी येणार का, तेही आधीच ठरवावे. एक पावसाळा, एक गणेशोत्सव आणि एक मे महिना त्या वस्तीत काढला की वर सांगितलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

तलावाचे हित हेही घराचेच हित आहे. तलावाकाठी बांधल्या जाणाऱ्या सायकल मार्गाला मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले आणि काठ पूर्ववत करण्यास सांगितले. तलावाची काळजी करणाऱ्या लोकांनी न्यायालयात धाव घेतल्यामुळे हे घडले. पवईत राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या सोसायटीचे सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न पहिल्याच सर्वसाधारण सभेत विचारावा. ज्या पाण्याच्या नावावर या घरांना किंमत आली, ते पाणी स्वच्छ राहिले तरच ती किंमत टिकेल.