समूहयंत्रणेतील डीएनएस-बदल

कोपर स्थानकात मुख्य मार्ग खालून जातो व दिवा–वसई मार्ग वरून. ‘कोपरला भेटू’ एवढेच ठरवून एकाने वरच्या आणि दुसऱ्याने खालच्या फलाटावर थांबावे, तशीच स्थिती संगणकसमूहातही उद्भवते. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस या व्यवस्थेची रूपरेषा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. समूहातील आभासी यंत्रे परस्परांना बहुधा नावानेच ओळखतात. परंतु डीएनएस सर्व्हरांची यादी प्रत्येक यंत्राजवळ स्वतंत्र असते. ती एकाच यंत्रावर बदलल्यास एका प्रश्नाला दोन उत्तरे मिळू शकतात, आणि चालू असलेला सोबतीही बंद पडला असे इतर यंत्रे मानू लागतात.

म्हणून नव्या सर्व्हरवरील नोंदी, पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या उलट नोंदींसह, प्रथम पडताळाव्यात. मग एकेक यंत्र बदलावे. ते समूहात पूर्ववत् सामील झाल्यावाचून दुसऱ्यास हात लावू नये. बदल यंत्रणेच्या व्यवस्थापन-पटलातूनच करावा, कारण हाताने फिरविलेली फाइल पुन्हा चालू करताना अनेकदा पुसली जाते. जुना सर्व्हर तत्काळ बंद करणे ही तर निव्वळ घाई होय. लिनक्समध्ये एका सर्व्हरच्या उत्तराची वाट सामान्यतः ५ सेकंद पाहिली जाते. यादीतील पहिलाच निकामी असला तरी काम थांबत नाही, केवळ मंदावते. त्यामुळे हा दोष फार उशिरा ध्यानात येतो.