उंची खुंटली? गंडादोरा नको, टेप घ्या

वर्गातल्या इतरांपेक्षा एखादे मूल फारच लहान दिसले की आपण म्हणतो, "आजोबांवर गेलंय," नाहीतर "नीट खात नाही." मुलगी असेल तर तेवढेही कोणी बोलत नाही. पुष्कळदा ही कारणे खरीही असतात. पण काही मुलांमध्ये मेंदूच्या खालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, कमी तयार होते. अशी मुले हुशार असतात, बांधाही प्रमाणात असतो. चेहरा मात्र वयापेक्षा लहान दिसतो आणि उंची फार हळू वाढते.

तान्ह्या बाळात खुणा वेगळ्या असतात. जन्मतः लांबी बहुधा नेहमीसारखीच असते. पण रक्तातली साखर पुन्हा पुन्हा उतरते, कावीळ लांबते, मुलग्याचे लिंग फारच लहान असते. बाळ थरथरले, सुस्त पडले किंवा झटके आले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मोठ्या मुलांसाठी भिंत आणि टेप पुरे. पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत दरवर्षी साधारण ५ ते ६. वर्षभरात ४ सेंटिमीटरही वाढ झाली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड, कुपोषण, मूत्रपिंडाचे आजार यांनीही उंची खुंटते. म्हणून आधी रक्त तपासतात, मनगटाचा एक्स-रे काढतात. हे संप्रेरक दिवसभर थांबून थांबून स्रवते; त्यामुळे एकाच वेळच्या रक्तावरून निदान होत नाही, खास चाचणी करावी लागते.

उपचार आहे. त्वचेखाली इंजेक्शन, बहुधा रोज, काही वर्षे. ते महाग आहे, हे आम्ही लपवत नाही. म्हणून सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मदतीची चौकशी कराच. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मोफत तपासणीला येते; त्यांनाही मूल दाखवा. उशीर मात्र करू नका. वयात आल्यावर हाडांची टोके जुळतात, मग कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही. जाहिरातीतल्या पावडरीवर पैसे घालवू नका.

दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, ही तथागतांची शिकवण. आम्ही सुचवतो, दर सहा महिन्यांनी एका पौर्णिमेला वंदना झाली की विहाराच्या भिंतीशी वस्तीतली सगळी मुले उभी करा. उंची मोजा, तारखेसह वहीत लिहा. मुलींचीही.

जयभीम!